धूर धुता येतो

तर्कशास्त्राच्या पहिल्या काही तासांतच आपल्याला एक डोंगर भेटतो. त्या डोंगरावर धूर दिसतो आणि त्या धुरावरून तेथे अग्नी असला पाहिजे, असे अनुमान करायचे असते. आपल्या नैयायिकांनी शतकानुशतके हेच उदाहरण घोटले. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे तलावात. परीक्षेत या डोंगराने आमच्यापैकी अनेकांना तारले आहे.

या उदाहरणात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. धूर डोळ्यांना दिसतो, हे ते गृहीत. चुलीच्या, होळीच्या, वणव्याच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु कोळशावर चालणाऱ्या आजच्या वीज केंद्राच्या धुराड्याकडे पाहा. दोनशे-सव्वादोनशे मीटर उंचीचे ते धुराडे कित्येकदा अगदी निष्पाप दिसते. तोंडाशी पुसटशी करडी रेघ, आणि वर निळे आकाश. पाहणारा म्हणतो, "आता पूर्वीसारखा धूर राहिला नाही बुवा!" आणि समाधानाने पुढे जातो. नेमक्या याच ठिकाणी आपले अनुमान फसते. कारण धुरातला जो भाग आता सर्वांत अधिक चिंतेचा आहे, त्याला रंग नाही.

हा विषय विज्ञान शाखेचा, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या प्रश्नातले विज्ञान केव्हाच सुटलेले आहे. उरला आहे तो न्यायाचा प्रश्न. आणि न्याय, समाज, इतिहास व भाषा हे तर आपलेच विषय आहेत. तरीही आधी विज्ञान थोडे समजून घेऊ. त्यासाठी शाळेत शिकलेले त्रैराशिक पुरेसे आहे.

पाचशे मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण शक्तीने चालला, तर १ कोटी २० लाख युनिट वीज निर्माण होते. आपल्या देशातील कोळसा वापरला तर एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला सुमारे आठ हजार टन कोळसा जळतो. या कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४५, आणि गंधकाचे शेकडा अर्धा टक्का किंवा त्याच्या आसपास. राख पकडण्याची व्यवस्था बहुतेक केंद्रांत आहे. विजेचा भार दिलेल्या पत्र्यांमधून धूर नेला की राखेचे कण त्या पत्र्यांना चिकटतात, आणि शंभरांतले नव्व्याण्णव भाग राख तेथेच अडते. डोळ्यांना दिसणारा काळा-करडा धूर कमी झाला तो यामुळे.

पण गंधकाचे काय? गंधक जळला की त्याचा सल्फर डायॉक्साइड हा वायू होतो, आणि एक किलो गंधकापासून दोन किलो वायू होतो. आठ हजार टन कोळशातला अर्धा टक्का गंधक म्हणजे ४० टन. त्याचा वायू ८० टन. एका संचातून, एका दिवसात! विजेच्या पत्र्यांना वायू चिकटत नाही. तो सरळ धुराड्याबाहेर पडतो, कोणाच्याही डोळ्यांना न दिसता.

बाहेर पडल्यावर तो काय करतो? जवळ असेल आणि दाट असेल, तर दम्याच्या रोग्याची छाती काही मिनिटांत आवळून धरतो. दूर गेला, तर वाटेत हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा घेऊन त्याचे गंधकाम्ल होते. त्यातले काही पावसाबरोबर खाली येते, आणि काही हवेतील अमोनियाशी संयोग पावून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनते. हे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवीत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. शिवाय ते शेकडो किलोमीटर प्रवास करतात. ज्या गावाने वीज केंद्र कधी पाहिलेही नाही, त्या गावातल्या म्हातारीच्या खोकल्यातही त्या धुराड्याचा वाटा असू शकतो.

आता उपाय. तो ऐकल्यावर कोणालाही वाटेल की, एवढेच का? उपाय म्हणजे धूर धुणे. पावसाची एक जोरदार सर येऊन गेली की हवा कशी स्वच्छ होते, हे आपण दर जूनमध्ये अनुभवतो. तीच सर एका मनोऱ्यात कोंडून घ्यायची. राख काढून टाकलेला गरम धूर मनोऱ्याच्या खालच्या बाजूने आत सोडायचा, आणि वरून चुनखडीच्या पुडीचे पाण्यात कालवलेले पातळ मिश्रण असंख्य तोट्यांतून त्याच्यावर फवारायचे. इंग्रजीतून आलेल्या नावाने याला वेट स्क्रबर म्हणतात. आपण त्याला धूर धुण्याचा मनोरा म्हणू. सल्फर डायॉक्साइड पाण्यात विरघळतो, चुनखडीशी त्याचा संयोग होतो, तळाशी साचलेल्या मिश्रणात हवा फुंकली की त्याचे जिप्सम तयार होते. हे जिप्सम सिमेंटच्या कारखान्यांना लागते. शंभर भाग वायूतले नव्वद-पंचाण्णव भाग अशा रीतीने पकडता येतात. आपल्या ८० टनांच्या हिशेबात दिवसाला साधारण सव्वाशे टन चुनखडी लागेल आणि दोनशे टनांहून अधिक जिप्सम मिळेल. समुद्रकाठच्या केंद्राला तर चुनखडीचीही गरज नाही. समुद्राच्या पाण्यात मुळातच जो अल्कधर्मी गुण असतो, तोच हा वायू शोषून घेतो. नंतर त्या पाण्यात हवा खेळवून ते परत सोडायचे.

यात एक गंमत आहे, आणि ती आमच्या तर्कशास्त्राच्या डोंगराला पुन्हा एक धक्का देते. धुतलेला धूर थंड आणि ओलसर होतो. धुराड्यातून बाहेर पडताच त्यातील वाफेचा पांढराशुभ्र ढग बनतो आणि तो मैलोगणती दुरून दिसतो. म्हणजे न धुतलेले धुराडे स्वच्छ दिसते, आणि धुतलेले धुराडे धूर ओकताना दिसते! डोळ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस येथे नेमका उलटा निर्णय देईल. म्हणूनच या प्रश्नाकडे डोळ्यांपेक्षा बुद्धीने पाहावे लागते.

ही युक्ती काल-परवाची आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने लंडनच्या बॅटरसी वीज केंद्राचा इतिहास पाहावा. टेम्स नदीच्या काठी, शहराच्या अगदी मध्यात हे प्रचंड केंद्र उभारण्याची योजना १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली, तेव्हा लंडनमध्ये मोठा गदारोळ झाला. धुराने आसपासच्या इमारतींचे दगड झिजतील, बागा करपतील, एवढेच नव्हे तर जवळच्या टेट कलादालनातील चित्रे खराब होतील, असे आक्षेप घेतले गेले. अखेर धूर धुण्याची व्यवस्था करण्यात आली आणि १९३३ मध्ये केंद्र सुरू झाले ते धुराच्या स्नानगृहासकट. टेम्सचे पाणी आणि खडूची पूड हे तेथील साबण-पाणी. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. धुवून झालेले पाणी पुन्हा टेम्समध्येच जाई, म्हणजे हवेतली घाण काही अंशी नदीत उतरे. थंड झालेला धूर वर चढण्याऐवजी कधीकधी शहरावरच खाली येई. दुसऱ्या महायुद्धात तर शत्रूच्या विमानांना पांढरा ढग दिसू नये, म्हणून धुणे बंद ठेवावे लागले. हे सारे दोष मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. नव्वद वर्षांपूर्वी मोठ्या वीज केंद्राचा धूर धुता येत होता, आणि जेथे लोकांनी आवाज उठविला तेथे तो धुतला गेला. लंडनच्या घराघरांतील कोळशाच्या शेगड्या आणि इतर कारखाने मात्र धूर ओकतच राहिले. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस शहरावर धुके आणि धूर यांचे दाट झाकण बसले आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला.

धुण्याला खर्च येतो. म्हणून बहुतेकांनी एक स्वस्त पळवाट काढली, ती म्हणजे उंच धुराडे. धुराडे जितके उंच, तितका वायू अधिक दूर व अधिक विरळ होऊन पसरणार. जवळच्या यंत्रात आकडा कमी दिसणार. वायूचा एक कणही यामुळे कमी होत नाही, तो फक्त शेजाऱ्याच्या अंगणात जातो. आपल्या दारातला केर झाडून पलीकडच्या दारात लोटणाऱ्या माणसाला आपण स्वच्छतेचा भोक्ता म्हणत नाही. १९६०च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वे या देशांच्या लक्षात आले की, त्यांच्या सरोवरांतले पाणी आम्ल होत आहे, मासे नाहीसे होत आहेत, आणि हे आम्ल ब्रिटन व मध्य युरोपातल्या धुराड्यांतून वाऱ्याबरोबर येत आहे. १९६७ मध्ये स्वांते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे म्हणणे वर्तमानपत्रातून लोकांपुढे मांडले. पुढे १९७९ मध्ये जिनिव्हा येथे देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या वायुप्रदूषणाविषयी करार झाला. इंग्लंडमधील ड्रॅक्स या वीज केंद्राचे धुराडे २५९ मीटर उंच आहे. तरीही १९८८ ते १९९६ या काळात तेथे धूर धुण्याचे मनोरे बसवावेच लागले. उंची हा उपाय नव्हे, हे एवढे महाग शिक्षण घेऊन युरोप शिकला.

आता आपल्या घरी येऊ. भारतात या यंत्रणेचा आरंभ महाराष्ट्रातच झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईजवळ तुर्भे येथील टाटांच्या वीज केंद्रात १९८०च्या दशकातच समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा बसली. मुंबईसारखे शहर शेजारी, म्हणून ते घडले. परंतु माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट डहाणूची आहे. कारण डहाणूजवळ मुंबईसारखे शहर नव्हते.

डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, ताडामाडाची झाडे, खाडी आणि वारल्यांचे पाडे. ज्या वारली चित्रांच्या नकला आज शहरातल्या दिवाणखान्यांत टांगलेल्या दिसतात, ती चित्रे जिथल्या कुडाच्या भिंतींवर जन्मली तो हा मुलूख. येथे खाडीकाठी ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीज केंद्र बी.एस.ई.एस. या कंपनीने उभारायचे ठरविले, ते मुख्यतः मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी. वीज मुंबईची, धूर डहाणूचा! स्थानिक बागायतदार आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र उभारण्यास मुभा दिली. मात्र धूर धुण्याची जी अट मंजुरीत होती, ती सर्व परिणामांचा पूर्ण विचार केल्यावाचून शिथिल करू नये, असे बजावले. त्याच वर्षी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून घोषित केला.

१९९५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. मनोरा काही उभा राहिला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याच्या अध्यक्षपदी मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी आले. या प्राधिकरणाने १९९९ मध्ये कंपनीला धूर धुण्याची यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. त्यावर हरकती झाल्या, कोळशात गंधक कमीच आहे असे युक्तिवाद झाले, मुदती गेल्या. कंपनीचे नाव आणि मालक बदलले. प्राधिकरणाने आपला हेका सोडला नाही, आणि गावातल्या लोकांनी प्राधिकरणाचा पिच्छा सोडला नाही. अखेर २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा डहाणूत सुरू झाली. १९९५ ते २००७ म्हणजे बरोबर बारा वर्षे. आपल्याकडे बारा वर्षांना एक तप म्हणतात, आणि तेथल्या माणसांनी ते अक्षरशः केले.

डहाणूची ही हकीकत मी विस्ताराने सांगितली, कारण तिच्यातून दोन गोष्टी निर्विवाद सिद्ध होतात. पहिली, हे यंत्र आपल्या देशात, आपल्या कोळशावर, आपल्या अभियंत्यांच्या हातून चालते. दुसरी, ते आपोआप येत नाही. कायद्यातल्या अटीला कोणीतरी बारा वर्षे खांदा द्यावा लागतो.

डहाणूला जे मिळाले ते साऱ्या देशाला मिळणार, अशी आशा ७ डिसेंबर २०१५ रोजी निर्माण झाली. त्या दिवशी केंद्र सरकारने कोळशाच्या सर्व वीज केंद्रांसाठी सल्फर डायॉक्साइडची मर्यादा प्रथमच घालून दिली, आणि दोन वर्षांची मुदत दिली. २०१७ उलटले; मुदत वाढली. २०२२ आले, मुदत पुन्हा वाढली. दरम्यान २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडण्यात आले. आणि जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली. तिच्यानुसार दिल्लीच्या राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांनी २०२७ अखेरपर्यंत मर्यादा पाळावयाची. अतिप्रदूषित ठरलेल्या क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हावयाचा. उरलेली केंद्रे, म्हणजे देशातले सुमारे ७८ टक्के संच, या मर्यादेतून मुक्त. धुराड्याची उंची ठरल्याप्रमाणे असली म्हणजे झाले.

उंच धुराडे! युरोपने जी पळवाट सोडून दिली, ती आपण राजमार्ग म्हणून स्वीकारली.

सूट देणाऱ्यांची बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर आपला लेख म्हणजे एकतर्फी वकिली होईल. त्यांचे चार मुद्दे आहेत. आपल्या कोळशात गंधक कमी. हवेतील सल्फर डायॉक्साइडचे मोजमाप जवळपास सर्व शहरांत ठरलेल्या मर्यादेच्या आतच आहे. चुनखडी वापरली की कार्बन डायॉक्साइड निघतो आणि मनोरा चालविण्यास वीजही लागते, म्हणजे पृथ्वीचे तापमान वाढण्यास हातभार. आणि शेवटी खर्च: वीज युनिटमागे पंचवीस-तीस पैशांनी महाग होईल.

पहिला मुद्दा खरा आहे, पण अर्धा. अमेरिकेतील काही खाणींच्या कोळशात तीन-चार टक्के गंधक असतो, त्या मानाने आपला अर्धा टक्का थोडाच. परंतु तो थोडा गंधक आपण प्रचंड प्रमाणात जाळतो. शिवाय आपल्या कोळशात उष्णता कमी, म्हणून एका युनिटला तो अधिक लागतो. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण बचतीच्या बाबतीत सांगतो. प्रदूषणाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ पासूनच्या काळात चीनने आपला सल्फर डायॉक्साइड ७५ टक्क्यांनी खाली आणला आणि भारताचा ५० टक्क्यांनी वाढला, असे त्यात दिसून आले. चीनने कोळसा जाळणे सोडले नव्हते. धूर धुणे हे त्या घटीचे एक प्रमुख कारण होते.

दुसरा मुद्दा म्हणजे मघाचाच डोंगर. शहरातल्या यंत्राने हा वायू मोजला आणि तो कमी भरला, हे ठीक. पण वाटेत ज्याचे सल्फेटचे कण झाले, तो वायू म्हणून मोजला जाणार कसा? तो सूक्ष्म धुळीच्या खात्यात जमा होतो, आणि त्या खात्यात आपली शहरे दिवाळखोर आहेत. चोराने कपडे बदलले म्हणून चोरी झाली नाही, असे म्हणण्यापैकीच हे आहे.

तिसऱ्या मुद्द्याला त्रैराशिक लावू. एक टन सल्फर डायॉक्साइड पकडताना चुनखडीतून साधारण ७०० किलो कार्बन डायॉक्साइड सुटतो. आपल्या संचाच्या ८० टनांमागे तो ५५-५६ टन होईल. पण तोच संच कोळसा जाळून दिवसाला सुमारे १२ हजार टन कार्बन डायॉक्साइड सोडतच असतो! त्यापुढे हे ५५ टन अर्धा टक्काही नाहीत. मनोऱ्याला लागणारी वीज एक-दीड टक्का धरली, तरी सारे मिळून दोन टक्क्यांच्या आत. ज्याला कार्बनची खरी चिंता आहे त्याने कोळसा कमी करावा. त्या चिंतेचे निमित्त करून फुप्फुसे मोकळी ठेवण्याचे नाकारू नये.

चौथा मुद्दा खर्चाचा. महिन्याला शंभर युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाला यामुळे पंचवीस-तीस रुपये अधिक पडतील. गरिबाच्या घरात तीस रुपयांनाही किंमत आहे, हे मी विसरत नाही. त्याला सवलत देण्याचे मार्ग सरकारला ठाऊक आहेत. परंतु धूर न धुण्याने खर्च वाचतो, हा हिशेबच चुकीचा आहे. तो खर्च विजेच्या बिलावरून औषधाच्या चिठ्ठीवर जातो, एवढेच. बिल वीज वापरणाऱ्याला येते आणि चिठ्ठी धुराड्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्याला.

आणि येथेच मला त्या अधिसूचनेतले दहा किलोमीटरचे वर्तुळ अस्वस्थ करते. आपल्या राज्याच्या नकाशावर ते काढून पाहा. कोराडी नागपूरला लागून आहे, एकलहरे नाशिकला लागून आहे. तेथे दहा लाखांची वस्ती जवळ आहे, म्हणून तेथला धूर धुण्याजोगा. चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत फार पूर्वी झाली आहे. तेथे विचार होईल. पण परळी-वैजनाथ? पारस? तेथे दहा लाखांचे शहर दहा किलोमीटरांतच काय, शंभरातही शोधावे लागेल. तेथे शाळेच्या पटांगणात खेळणारे पोर, राखेने करड्या झालेल्या तुरीत निंदणी करणारी बाई, हे सारे वर्तुळाच्या बाहेर. एकाच वायूने एकाच प्रकारच्या फुप्फुसाला होणारी इजा शेजारी किती माणसे राहतात यावर अवलंबून असते, असे कोणत्या वैद्यकग्रंथात लिहिले आहे? दाट वस्तीला आधी संरक्षण द्यावे, हा क्रम मी समजू शकतो. पैसा अपुरा असेल, तर आधी नागपूर आणि मग परळी, हेही समजू शकतो. पण "आधी" आणि "फक्त" या दोन शब्दांत अंतर आहे. २०२१ च्या वर्गवारीत "आधी" होते, २०२५ मध्ये त्याचे "फक्त" झाले. या एका शब्दाच्या बदलावर माझा आक्षेप आहे.

मनोरा हा रामबाण उपाय आहे, असे माझे म्हणणे नाही. त्याला पाणी लागते, आणि मराठवाड्यात पाण्याचा शब्द जपून उच्चारावा लागतो. दुष्काळी भागात कमी पाण्याच्या पद्धती निवडाव्या लागतील. कोरड्या चुन्याने वायू पकडण्याच्या पद्धतीही आहेत. चुनखडीसाठी कोठला तरी डोंगर खोदला जाणार. जिप्सम उचलले गेले नाही, तर त्याचे ढीग होणार. राखेच्या तळ्यांचा प्रश्न तर मनोऱ्याने तसूभरही सुटत नाही. आणि अखेरीस कोळशावरचे अवलंबित्व कमी करणे, हाच खरा मार्ग आहे. पण घर बदलायचे ठरले म्हणून तोवर केर काढायचा नाही, असे कोणी करीत नाही. आज उभी असलेली केंद्रे आणखी वीस-पंचवीस वर्षे चालतील. तेवढ्यात आपल्यापैकी अनेकांची मुले कॉलेजात येतील.

मग आपण काय करावे? मोर्चा काढा, घोषणा द्या, असे सांगून लेख संपविणे सोपे आहे. मी त्याहून साधी गोष्ट सुचवितो. वीज केंद्राच्या विस्ताराआधी जनसुनावणी घ्यावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, असा नियम आहे. हा सारांश वाचतो कोण? जे वाचतात त्यांना तो समजतो का? त्यातले आकडे, त्यातल्या अटी, अटींखालच्या पळवाटा गावातल्या माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगणे, हे काम रसायनशास्त्राच्या पदवीधरापेक्षा भाषेच्या विद्यार्थ्याचे अधिक आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विजेचे बिल आणि औषधाची चिठ्ठी एका कागदावर मांडावी. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने डहाणूचे प्राधिकरण कसे चालले, याचा अभ्यास करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने बॅटरसीचा गदारोळ वाचावा. आणि आम्ही तर्कशास्त्रवाल्यांनी तो जुना डोंगर नव्याने पाहावा.

नैयायिकांचा नियम मोडत नाही. त्याला फक्त एक पुरवणी जोडावी लागते. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरेच. पण जेथे धूर दिसत नाही, तेथे अग्नी निर्दोष आहे, हे मात्र सिद्ध होत नाही. धूर धुता येतो, हे १९३३ पासून जगाला आणि २००७ पासून डहाणूला ठाऊक आहे. तो कोणासाठी धुवायचा आणि कोणासाठी नाही, हे ठरविताना दहा किलोमीटरांची दोरी हातात घेणाऱ्यांना एवढेच विचारावयाचे आहे की, दोरीच्या पलीकडे जो श्वास घेतो आहे, त्याची गणती तुम्ही कोणत्या रकान्यात केली?